कंसाच्या दारात सासूबाई

नर्स व्हायचं माझं लई जुनं वेड. पण नववीनंतर लग्न होऊन हिर्डोशीला आले आणि दहावी राहूनच गेली. तिशीत बाहेरून परीक्षेला बसले, तर बाकी सगळ्यात पास आणि गणितात दांडी गुल! सासूबाईंनी बजावलं, "आणखी एकदा बस. मग मातूर पुस्तकं माळ्यावर."

शिकवायला नणंद होती, भोरच्या कॉलेजात जाणारी, जिभेला हाड नसलेली. कंसाबाहेर वजा असलं की आतली सगळी चिन्हं उलटतात, हे तिनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण हात ऐकेल तर शपथ! बाहेर वजा दिसलं की मी कंसातलं झाडून सगळं वजाच करून टाकायची.

"वहिनी, तुमच्यापुढं म्या हात टेकले!" असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतल्या बायकाच गोळा करून आली. "आज फुगडीनं गणित!"

नियम तिचेच. पदर कमरेला खोचलेली बाई अधिक, डोक्यावर घेतलेली वजा. एक अधिक नि एक वजा भेटली की दोघींनी फुगडी घालायची आणि बाजूला बसायचं, कारण त्यांचं झालं शून्य. उरतील त्या उत्तर. आमची पडवी म्हणजे कंस. तिच्या दारात सासूबाईंना बसवलं, त्या कंसाबाहेरचं वजा. त्यांच्यासमोरून अंगणात येताना प्रत्येकीनं पदर बदलायचा. खोचलेला असेल तर डोक्यावर घ्यायचा, डोक्यावर असेल तर काढून खोचायचा.

गणित होतं दोन वजा, कंसात वजा तीन अधिक एक. अंगणात दोघी पदर खोचून उभ्या. पडवीत आम्ही तिघी डोक्यावर पदर घेतलेल्या आणि एक खोचलेली. आलो बाहेर. फुगड्या झाल्या, हसून हसून पोटं दुखली आणि शेवटी उरल्या दोघी, दोघींच्याही डोक्यावर पदर.

"वजा दोन? अगं बायांनो, चार याया पायजेत!" नणंदेनं कपाळावर हात मारला.

मग तिच्या ध्यानात आलं. सासूबाईंसमोर पदर काढायची एकीचीही छाती झाली नव्हती. खोचलेलीनं मुकाट डोक्यावर घेतला होता आणि आम्ही तिघींनी होता तो आणखी पुढं ओढला होता. अगं बाई, वहीत मी हेच तर करत होते!

सासूबाई खुदकन हसल्या. "मी काय वाघ हाय व्हय गं? चला, माघारी आत!" आम्ही पुन्हा बाहेर निघालो तर दारातून फर्मान सुटलं, "ए, काढ पदर! तुलाच म्हंते, काढ!" लग्न झाल्यापासून 'पदर घे, पदर घे' म्हणणारी ही बाई! मी पदर खोचला आणि मला आनंदानं उड्याच माराव्याशा वाटल्या. या वेळी एकच फुगडी झाली, उरल्या चार. पण थांबतंय कोण? त्या चौघींनीही विनाकारण फुगड्या घेतल्या, मी त्यातच होते, आणि डोंगर, गोठा, नणंद सगळं गरगरायला लागलं.

परीक्षेत कंस आला, बाहेर वजा. कानात आवाज घुमला, "काढ पदर!" आणि मी फस्सकन हसले. पर्यवेक्षक बाईंनी लगेच येऊन माझं बाक तपासलं. सापडलं काय, तर खोडरबर.

निकालाच्या दिवशी गावात रेंज नाही म्हणून सासूबाई, नणंद आणि मी भोरला एसटी स्टँडवर आलो. नणंदेनं मोबाईलवर माझा नंबर टाकला. ती एकदम किंचाळली, "पास! वहिनी, गणितात पास!" मला रडूच कोसळलं. डोक्यावर पदर घेऊन मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि भर स्टँडवर आपल्या हातानं माझा पदर खाली घेतला.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "भाईर आलीस न्हवं?"