गालाची स्लाइड

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी, सकाळी दहा ते दुपारी एक एवढा वेळ मला तोंडाचा कॅन्सर होता.

आमची मानसी बारावी सायन्सला. कॉलेजातून तिला मायक्रोस्कोप मिळाला आणि रामवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांची प्रयोगशाळा झाली. पाण्याच्या ग्लासावर कांदा बसवून तिने मुळं फुटवली. सकाळी त्यांची टोकं कापली, ॲसिडात गरम केली, लाल रंगात बुडवली आणि काचेवर अंगठ्याने चेपली. (एवढा मार पोलीससुद्धा देत नाहीत!) एका पेशीच्या दोन कशा होतात, ते म्हणे त्या टोकातच दिसतं. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या गालाच्या आतून दातकोरणं फिरवलं आणि माझीही स्लाइड केली.

"ह्यात पण फुटताना दिसतात?" मी विचारलं.

"नाही हो बाबा. गालाच्या वरच्या थरातल्या पेशी गप पडून असतात. त्या अशा भराभर फुटायला लागल्या तर गाठच समजायची!"

एवढं बोलून ती कॉलेजला गेली आणि मी जिभेने गाल चाचपायला लागलो. कारण गणपतीत मूर्तीसमोर गाऱ्हाणं घालून, बायकोच्या साक्षीने सोडलेली तंबाखू मी कंपनीत दर शिफ्टला खात होतो!

राहवेना. मायक्रोस्कोपखाली लावलेली ती माझीच स्लाइड, असं धरून मी डोळा टेकला. चौकोनी चौकोनी घरं दिसली. एका घराच्या मधोमध लालभडक धागे ओळीत उभे. शेजारच्या घरात तेच धागे दोन टोकांना खेचलेले. पलीकडे तर मधे रेघ पडून चक्क एकाची दोन घरं झालेली! पुन्हा पाहिलं, तर अशी आणखी तीन सापडली.

"सुनंदा!"

बायको ओल्या हातांनी धावत आली.

"मी तंबाखू खातो."

"कधीपासनं?"

"सोडली त्या दिवसापासून. आता हा बघ माझा गाल. ह्यात पेशी फुटताना दिसल्या तर गाठ समजायची, मानसी म्हणाली."

सुनंदा गडब गावच्या शेतकऱ्याची लेक. वाल कधी मोड धरतात, ते तिला नजरेनेच कळतं. तिने डोळा लावला आणि मटकन खाली बसली.

"अगो बाय! ह्ये तर मोड धरतंय हो!"

ती मला ओरडायची विसरली, तेव्हा मी खरा घाबरलो. तिच्यादेखत पुडी गटारात फेकली. "मेलो तरी पुन्हा तोंडाला लावणार नाय!"

"मरायचं नाव काढू नका!" म्हणून ती रडायलाच लागली.

मानसीचा फोन बंद. सुनंदाचा भाऊ प्रकाश रोह्यात रक्त तपासायची लॅब चालवतो. स्लाइड कापसात गुंडाळून डब्यात घातली आणि आम्ही दोघांनी एसटी पकडली. हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला मी डबा छातीशी धरत होतो. नागोठण्यापर्यंत मी मनातल्या मनात मानसीचं लग्न लावून दिलं, आणि मांडवात माझी खुर्ची रिकामी होती.

प्रकाशने स्लाइड लावली. डोळा टेकला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, ह्यो गाल कुनाचा?"

"माझा."

"तुमच्या गालाला भिंती हायत?"

"म्हणजे?"

"अशी चौकोनी भिंत झाडाच्या पेशीला असते, मानसाच्या नाय. ह्यो कांदा हाय. मुळाचं टोक. ते फुटनारच!"

मी देवाला हात जोडले. सुनंदाने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. कॅन्सर गेला होता, पण कबुलीजबाब तिच्या लक्षात होता.

"जाऊ दे," मी घाईने म्हटलं, "ह्या निमित्ताने तंबाखू तर सुटली!"

"प्रकाश, आलोच हाव तर ह्यांचं खरं तोंड पन बघून घे."

"नको, आज नको! मानसी यायची वेळ झाली!"

"भावोजी, घाबरता कशाला? बॅटरीनं बघायचंय."

बहीणभावांनी मला खुर्चीत दाबून बसवलं. प्रकाशने माझा खालचा ओठ ओढला, चिमट्याने काहीतरी काळपट उचललं आणि बहिणीपुढे धरलं.

काय करणार? भीतीने हातपाय गार पडले होते हो! वाटेत खांब गावाला गाडी पाच मिनिटं थांबली, तेव्हा मरायला धीर यावा म्हणून सुनंदाची नजर चुकवून टपरीवरून नवी पुडी घेऊन मी एक चिमूट लावली होती.