मामांच्या वतीनं दिलेलं उत्तर

दामूमामा गेल्याचं मला बोईसरच्या शाळेत कळलं, पाचवीचा तास चालू होता. मामीचा फोन आला. "बाय, ये गो," एवढंच म्हणाली. मुलांना धडा पुढे वाचायला सांगून मी रिक्षात बसले. दवाखाना दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात मामा नव्हतेच, त्यांच्या वतीनं मी दिलेलं एक उत्तर होतं. आज पाच आठवडे झाले, अजून तेच आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. तारापूरच्या अलीकडे त्यांची चिकू-नारळाची वाडी. मूलबाळ नाही, त्यामुळे घरात कसलाही कागद आला की "मास्तरीणबाईंना बोलवा" ही त्यांची ठरलेली आरोळी. मी नववीत नापास झाले तेव्हा घरात कुणी माझ्याशी धड बोलेना. मामांनी मला वाडीत नेलं, म्हणाले, "चिकू लावल्या वर्षीच फळतो काय? मग तू कशाला रडतेस?" आणि मला झाडावर चढवलं. उतरता येईना तेव्हा खाली उभे राहून पोट धरून हसत होते, मेले! दर गुरुवारी त्यांच्या ओट्यावर भजन. मामांचा सूर जन्मात कधी लागला नाही, पण मृदंगवाल्याची काय बिशाद थांबायची.

आणि रोजची ताडी. सकाळी तांब्याभर, दुपारी जेवणाआधी तांब्याभर, सांजेला परत. अशी पन्नास वर्षं तरी. झिंगलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. आमच्याकडे ताडीला कुणी दारूत धरत नाही. पाहुण्याला चहा विचारावा तशी विचारतात.

वाडीतल्या पाटाच्या शेवाळावरून मामा घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. ऑपरेशनला पर्याय नव्हता. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, तरुण, बोलणं अर्धं इंग्रजीत, हातात फॉर्म. दात हलतात का, दमा आहे का, गोळ्या कुठल्या... मामा कण्हत होते, म्हणून उत्तरं मीच देत होते. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "दारू, तंबाखू?" मामांनी तोंड उघडलं होतं. मी पटकन म्हटलं, "छे हो मॅडम, आमचे मामा भजनी मंडळाचे." मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. भाची शिकलेली, तिला कळतं, असं त्यांना वाटलं असणार. ताडी म्हणजे दारू नव्हे म्हणून मी तसं बोलले, असं आता मी लोकांना सांगते. खोटं आहे. त्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईंसमोर मला लाज वाटली.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी मामांचे हात थरथरायला लागले. "बाय, दुकतंय गो," म्हणत राहिले. नर्स म्हणाली, इंजेक्शन दिलंय, इतक्यात दुसरं नाही. दुपारपर्यंत त्यांना आम्ही ओळखू येईना. सलाईन उपटली, तेव्हा त्यांचे हात खाटेला बांधले. "मोटर चालू हाय, वाडीत पाणी भरलंय, बंद कर!" मी म्हटलं, "केली मामा." "नाय केलीस," ते म्हणाले. मी त्यांचे पाय धरून बसले, दुसरं काय करणार? वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, अगदी सरळ, "रोज काही प्यायचे का?" तेव्हा मी सांगितलं. त्यांनी एक क्षण डोळे मिटले, "हे आधी हवं होतं," म्हणाले, आणि औषधं बदलली. पण तोवर छातीत कफ भरला होता. नवव्या दिवशी सगळं आटोपलं.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचत सुटले आहे. भूल आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाली आहे म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असा भ्रम होऊ शकतो, दुखणं नीट थांबलं नाही तर तो वाढतो. रोजचं पिणं एकाएकी तुटलं तर शरीर बिथरतं, आणि आधी माहीत असेल तर त्याची तयारी करता येते. प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच... डॉक्टरांपासून काही लपवू नका. डॉक्टर म्हणाले होते, सांगितलं असतं तरी वाचलेच असते असं नाही. वाचले नसतेच, असंही ते म्हणाले नाहीत.

परवा वाडीवर गेले. मामी त्यांच्या खोलीत बसली होती, मांडीवर मामांचा धुतलेला सदरा. म्हटलं, आज सांगून टाकायचं, मग ती मला घराबाहेर काढो. सगळं सांगितलं. फॉर्म, डॉक्टर, मी काय बोलले ते. मामीनं मान वर केली नाही.

"मी तितंच उबी होते गो," ती म्हणाली. "तू नकार दिलास तवा मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं घराची इज्जत राखली."

ती सदऱ्याची घडी घालत होती. झाली की मोडायची, परत घालायची. मी तिच्या शेजारी बसले आणि सदऱ्याची दुसरी बाही धरली.