वरच्या फळ्यांवरचे तंतू

नव्वदचं दशक सरत आलं होतं. हिंगणघाटच्या बाहेर इंजेक्शनचा एक लहान कारखाना होता आणि तिथे मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर केमिस्ट म्हणून लागलो होतो. बी.एस्सी. झालेला आमच्या घरातला मी पहिला. वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पोरगा औषधं बनवतो, हे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

मला दिलं होतं ‘लायो’ मशीन, म्हणजे फ्रीझ ड्रायर. काही औषधं पाण्यात टिकत नाहीत आणि तापवून वाळवली तर बिघडतात. म्हणून औषधाचं द्रावण बारीक फिल्टरमधून गाळायचं, व्हायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटलीत भरायचं, रबरी बूच अर्धंच बसवायचं आणि ट्रे मशीनच्या फळ्यांवर रचायचे. आत सगळं गोठतं. मग हवा ओढून घेतली की बर्फ वितळतच नाही, सरळ वाफ होऊन त्या अर्ध्या उघड्या बुचातून निघून जातो. दोन दिवसांनी तळाशी पांढरी हलकी वडी उरते आणि मशीन आतल्या आत बुचं दाबून बसवतं. माझी बहीण सेवाग्रामच्या दवाखान्यात होती तेव्हा नर्सनं अशाच वडीत पाणी सोडून तिला सुई दिली होती. त्यामुळे या कामाचं मला पहिल्या दिवसापासून अप्रूप होतं.

वाळलेल्या व्हायल तपासणीच्या टेबलावर जायच्या. तिथे चार बायका दिव्यासमोर एकेक व्हायल फिरवून बघत. मागे एक काळी पाटी असे, एक पांढरी. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणत. आधी त्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसातला कचरा आणि कवडी, म्हणजे डागी कापूस वेचायच्या.

मे महिन्यात एका बॅचच्या वेळी मावशींच्या डाव्या हाताचा ट्रे भरत चालला. डावीकडचा ट्रे नापास मालाचा. बाकी तिघींचे जवळजवळ रिकामे होते.

“मावशीले तं दुधातबी केस दिसते!” शेजारची म्हणाली आणि टेबल हसलं.

“हास, हास. तुले बैल दिसत नाई, केस काय दिसन?” मावशींनी व्हायल फिरवणं थांबवलं नाही.

प्रॉडक्शनचे मॅनेजर आले. त्यांनी मावशींच्या पाच-सहा व्हायल उचलून बघितल्या. पांढऱ्या वडीवर त्यांना काहीच दिसलं नाही.

“मावशी, अख्खी बॅच फेकायचा विचार आहे काय?”

“सायब, तंतू हाये त्याच्यात. कडेनं चमकते. नसता तं मी काऊन बाजूले ठेवली असती?”

“डोळे गेले तुमचे,” ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर त्यांनी बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराला निरोप धाडला, सोमवारपासून ही बाई नको.

मावशींनी चष्मा पदराला पुसला आणि पुढची व्हायल उचलली. ती फिरवली, आणि डावीकडे ठेवली.

त्यांचं घर त्या कामावर चालत होतं, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला दया आली नव्हती. राग आला होता. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की उत्तर चूक म्हणायचं असेल तर आधी गणित सोडवून दाखवा. इथे गणित कोणी सोडवलंच नव्हतं. मी क्वालिटीच्या साहेबांकडे गेलो आणि मावशींच्या नापास व्हायल तपासायला मागितल्या.

“शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे,” ते म्हणाले. “आणि पास झालेल्याही घे. एकाच बाजूचं बघू नको.”

मी प्रत्येक व्हायलमध्ये गाळलेलं शुद्ध पाणी सोडलं, वडी विरघळू दिली, ते द्रावण नाण्याएवढ्या फिल्टरच्या चकतीवरून ओढलं. औषध खाली गेलं. वर जे अडकलं ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मावशींच्या नापास व्हायलमध्ये एकामागून एक तंतू निघाले. इतरांनी पास केलेल्यांतही दोन सापडले. मावशींचे डोळे शाबूत होते.

मग तंतू आला कुठून, हा प्रश्न उरला. फिल्टरमधून तो येणं शक्यच नव्हतं, म्हणजे गाळल्यानंतरच कुठेतरी पडला होता. आमचे निर्जंतुक कपडे पॉलिस्टरचे, त्यांचा तंतू गुळगुळीत काडीसारखा दिसतो. हा रिबिनीला पीळ द्यावा तसा होता. कापूसच. त्या व्हायलच्या ट्रेचे नंबर जुळवले तर सगळे वरच्या दोन फळ्यांवरचे निघाले, डोक्याच्या उंचीचे.

त्या फळ्यांवरचे ट्रे मी लावले होते.

आमच्याकडे उन्हाळ्यात उघड्या डोक्यानं कोणी बाहेर पडत नाही. दुपट्टा डोक्याला बांधायचा, कानावरून घ्यायचा, मगच सायकल काढायची. त्या आठवड्यात त्या खोलीचा एसी कुरकुरत होता. घाम डोळ्यांत उतरायचा. ट्रेवर घामाचा थेंब पडण्यापेक्षा बरं, असं स्वतःलाच समजावून मी निर्जंतुक टोपीच्या आत सुती रुमाल बांधायला लागलो होतो. घरचं कापड आत न्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. वरच्या फळीवर ट्रे सरकवताना मान पुढे गेली की रुमालाची कड कपाळावर सरकायची. ती मी कोपरानं आत ढकलायचो.

कोणी पाहिलं नव्हतं. ‘तंतू आढळले, स्रोत अज्ञात’ एवढं लिहिलं असतं तरी मावशींचं काम वाचलं असतं आणि माझंही. मी खुर्चीत बसून राहिलो. पण अज्ञात लिहिलं तर पुढच्या बॅचमध्ये काय बदलणार होतं? माझ्या जागी दुसरा कोणी उद्या असाच रुमाल बांधणार होता.

मी तीन ओळींत सगळं लिहिलं, सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “बॅच नष्ट करावी लागेल. तुझं प्रोबेशन वाढेल.”

“हो सर. पण मावशींना सोमवारी...”

“ठेकेदाराशी आणि त्यांच्याशी मी बोलतो. तू एसीचा अर्ज लिही. रोज लिही, दुरुस्त होईपर्यंत.”

घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “धागा तुटला तं साचा थांबवा लागते. लपवला तं थान खराब होते.” आणि जेवायला बसले.

सोमवारी मावशी त्यांच्या जागेवर होत्या. मी जवळ गेलो तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, “म्हंजे तुह्या रुमालापायी माहे डोये गेलते म्हनं?”

टेबल खदखदून हसलं. मी माफी मागायला लागलो.

“राहू दे. स्टूल घे, बस इथं. शिकलेला हायेस, पन पाहाले नाई शिकला अजून.”

पंधरा दिवस मी रोज एक तास त्यांच्या शेजारी बसलो. व्हायल दिव्याला तिरपी धरायची, फिरवून थांबायचं आणि वडीकडे नाही तर तिच्या कडेकडे बघायचं. पहिले चार दिवस मला काहीच दिसलं नाही. पाचव्या दिवशी एक तंतू दिसला.

एसी सहाव्या अर्जानंतर दुरुस्त झाला. तोवरची बॅच मी रुमालाशिवाय लावली. थोडं रचून बाहेर यायचं, घाम पुसायचा, सगळे कपडे नव्यानं चढवायचे आणि परत आत जायचं. वेळ दुप्पट लागला. मॅनेजर बोलले, मी ऐकून घेतलं.

ती बॅच टेबलावर आली तेव्हा मावशींनी वरच्या फळ्यांचे ट्रे आधी मागून घेतले. सगळे पाहून झाल्यावर त्यांच्या डावीकडे दोन व्हायल होत्या.

“तंतू नाई वाटत,” त्या म्हणाल्या. “काच असन. पाहून ये.”

मी त्या दोन्ही उचलल्या आणि प्रयोगशाळेकडे निघालो.