रणगाड्यातला पारा

वाळवंटातल्या छावणीत रणगाड्याच्या आतली उष्णता मोजायला एक तंत्रज्ञ आले होते. पारा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला, तरच चालकाला पंखा मिळणार होता. पाहुण्यांना त्रास नको म्हणून जवानांनी सकाळपासून झाकणं उघडी ठेवली आणि पत्र्यावर ओली पोती टाकली. पारा मर्यादेतच राहिला.

"पोती टाकायची अक्कल कुणाची?" हवालदारांनी विचारलं.

"माझीच," चालक म्हणाला. "साहेब आत भाजले असते."

"मग आता तू बस भाजत उन्हाळाभर."

सगळे हसले, चालकही हसला.

त्रास बघायला कुणी येणार म्हटलं, की आपण आधी तो आवरून ठेवतो, घर आवरतो तसा. तंत्रज्ञ ताक पिऊन गेले. दुपारच्या सरावाची वेळ झाली. चालक आत उतरला आणि त्यानं डोक्यावरचं झाकण लावून घेतलं.