रामटेकेकाकांची ‘जनरल शिफ्ट’

आमच्या सेक्टरमध्ये चार माणसं चहाला बसली की रामटेकेकाकांचा एक तरी किस्सा निघतोच. जुना संपायच्या आत नवा तयार! कलकत्त्याला शिकून मी परतले ते भिलाईला जॅझ ऐकवायचंच, असा निर्धार करून. बघते तर जॅझ शेजारच्याच क्वार्टरमध्ये! पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवणारे काका डबल बास वाजवायचे आणि स्वतः धुनाही रचायचे. डबल बास म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन, आवाज मात्र जमिनीखालून आल्यासारखा.

एकदा काका चादरीत गुंडाळलेला बास बसमधून दुर्गला नेत होते. एक म्हातारेबाबा चटकन उठले. “बाई बीमार है क्या? बैठाओ!”

“नहीं बाबा, लकड़ी की है.”

“तो क्या हुआ? थक गई होगी!”

बास दुर्गपर्यंत बसून गेला, काका उभे!

बँडमध्ये चौघे, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. तालीम काकांच्या घरी, पण कोणीतरी एक कायम ड्यूटीवर. म्हणून काका शिफ्टचा चार्ट समोर ठेवूनच धून रचत. ट्रंपेटवाला पिल्ले ड्यूटीवर असला तर ही, ड्रमवाला असला तर ती. चौघांसाठी एकच रचली, तिचं नाव ‘जनरल शिफ्ट’. आठ वर्षांत ती चौघांनी मिळून एकदाही वाजवली नव्हती!

काकांना खरं दुःख वेगळंच होतं. गणपतीतल्या कार्यक्रमानंतर लीलाकाकूंनी विचारलं, “दोघं वाजवून राहिले होते. तुमी कपाट धरून काहून उभे होते?”

“अवं, मी बी वाजवूनच राहिलो होतो!”

“मले तं काई ऐकू नाई आलं.”

हिला एकदा तरी ऐकू यावं, एवढीच काकांची इच्छा होती.

मी कामगारांपुढे तळमळीनं भाषण ठोकलं, “बास म्हणजे संगीताचं फाउंडेशन!” मागून एक फिटर उठला. “मैडम, फाउंडेशन तो जमीन के नीचे रहता है. इनको स्टेज पर क्यों चढ़ाया?”

शेवटी मीच चौघांच्या मागे लागून एक संध्याकाळ जुळवली. बास आदल्या दिवशीच स्टेजवर नेऊन ठेवला. काका दोनला सुटणार, कार्यक्रम पाचला. पाच वाजले तरी काका नाहीत! त्यांचा रिलीव्हर आला नव्हता, आणि तो येईपर्यंत क्रेन सोडता येत नाही.

“शुरू करते हैं,” पिल्ले म्हणाला. “बास वैसे भी किसको सुनाई देता है!”

तिघांनी ‘जनरल शिफ्ट’ सुरू केली. पहिल्या रांगेत काकूंची चुळबुळ चालली होती. मग त्या उभ्याच राहिल्या.

“थांबा! हे अर्धंच वाजून राहिलं!”

“पूरा है, भाभी.”

“कायचं पूरा? खालचं कुठी गेलं?”

आणि खुर्चीच्या हातावर थाप देत काकूंनी खणखणीत सूर लावला, “डुम् डुम् डुडुम् डुम्...”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. काकू शेवटपर्यंत एका जागीही चुकल्या नाहीत.

टाळ्या थांबल्या तेव्हा दारात काका दिसले. हेल्मेट अजून डोक्यावरच. ते हळूहळू काकूंजवळ आले.

“तुले तं ऐकू येत नव्हतं ना?”

काकूंनी पदर सारखा केला. “मंग आठ वर्षं पोळ्या कायच्या ठेक्यावर लाटून राहिली मी? चला, उचला तुमचं कपाट!”