टोकणारे प्रभाकरराव

वर्ध्याजवळच्या आंजी गावात प्रभाकररावांच्या जनरल स्टोअर्समध्ये सुईपासून ताडपत्रीपर्यंत सगळं मिळतं, फक्त ते नीट मागता आलं पाहिजे. कोणी 'बॅटरीचे दोन शेल' मागितले की प्रभाकरराव हात बांधून उभे.

"शेल नाई, सेल."

"तेच द्या ना भाऊ."

"तेच म्हणजे काय? म्हणून दाखव."

मग ते बापडं गिऱ्हाईक 'सेल' म्हणतं, आणि तेव्हा कुठे फळीवरचा खोका खाली उतरतो. 'शांपू'चा 'शॅम्पू' झाल्याशिवाय पुडी फाटत नाही. 'शिमिटा'ची थैली पाठीवर घेऊन रस्त्याने चाललेल्या एका माणसाला तर त्यांनी हाक मारून परत वळवलं आणि 'सिमेंट' म्हणायला लावलं. थैली त्यांच्या दुकानातली नव्हती, हे विशेष.

बरं, हे काही इंग्रजीचे प्रोफेसर नव्हेत. दहावी झाल्यावर दोन वर्षं नागपूरला सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात होते. तिथला मालक म्हणे गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायचा. त्या दोन वर्षांची शिदोरी प्रभाकरराव आजवर खात आले आहेत. त्यात मोबाईल आला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. मोबाईलमधली बाई कुठलाही शब्द म्हणून दाखवते. वाद झाला की प्रभाकरराव फोन सरळ समोरच्याच्या कानाला लावतात. एकदा मात्र त्याच बाईने 'प्लंबर'मधला 'ब' गिळून 'प्लमर' म्हटलं. प्रभाकरराव तो 'ब' जन्मभर ठासून म्हणत आलेले. त्यांनी फोन खिशात टाकला आणि नेटवर्क खराब असल्याचं जाहीर केलं.

हा माणूस काळवेळही पाहत नाही. "सासरे काल एक्स्पायर झाले," असं रडत सांगणाऱ्या एका जावयाला "एक्स्पायर गोळ्या होतात, माणूस वारतो," हे त्यांनी स्मशानात ऐकवलं आहे. ती बातमी त्यांच्या आधी घरी पोचली, आणि शकुंतलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या दिवशी त्यांना आंघोळीचं पाणीसुद्धा काढून दिलं नाही.

अशा माणसाकडे लोक गरजेपुरतेच जातात. पण आपण होऊन, रोजच्या रोज, तासभर टोकून घ्यायला येणारा गावात एकच जण होता, चंद्रभान. शाळेपासूनचा जोडीदार. याची गावाबाहेर वांग्यांची, पालकाची, सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची वाडी. पहाटे वर्ध्याच्या बाजारात भाजी उतरवून आला की तो दुकानासमोरच्या बाकावर बसायचा आणि एखादा शब्द सोडून द्यायचा.

"परभाकर, आज लई टरापिक होती गा."

"ट्रॅफिक! ट्रॅफिक म्हण!"

"हो ना बे. टरापिकच होती."

प्रभाकरराव तापायचे, चंद्रभान निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचा. काहींचं म्हणणं होतं की तो मुद्दाम करतो. प्रभाकररावांना ते मान्य नव्हतं. इतकं मठ्ठ मुद्दाम होता येत नाही, असं त्यांचं मत. मात्र एखाद्या दिवशी चंद्रभान आला नाही, तर ते गिऱ्हाइकांवर दुप्पट खेकसायचे.

या दिवाळीनंतर चंद्रभानला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा बसली. दवाखान्यात हाताला हळूहळू जीव आला, पण तोंडातून शब्द फुटेना. घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, चतुराबाईला, नीट समजावलं. यांना सगळं कळतं, शब्दही आत शाबूत आहेत, पण आत्ताच बोलते झाले नाहीत तर जीभ कायमची आळसावेल. माणसं येऊ द्या, गप्पा होऊ द्या, आणि शब्द वेडावाकडा आला तरी कोणी म्हणजे कोणी टोकायचं नाही.

ही शेवटची सूचना चंद्रभानच्या आधी गावात पोचली आणि सगळ्या गावाने प्रभाकररावांकडे पाहिलं.

शकुंतलाबाईंनी त्यांना देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. "तुमच्या टोकण्यापायी त्या मानसाची वाचा गेली, तं मी तुमच्याशी जन्मात बोलनार नाई." चतुराबाईने तर दारातच अडवलं. "भाऊजी, पाह्यजे तितकं बसा. पन एक शब्द जरी सुधरवला, तं पुन्हा या दारात पाय नाई ठेवू देनार."

प्रभाकरराव मुकाट्याने कबूल झाले. त्यांना खरंच भीती वाटत होती. बायकोसकट सगळं जग त्यांना कंटाळलं होतं, हे ते जाणून होते. न कंटाळलेला एवढाच एक होता, आणि तो आता मुका झाला तर दुकान उघडायचं तरी कोणासाठी, हा विचार त्यांना झोपू देत नव्हता.

रोज दुपारी ते खाटेशेजारी जाऊन बसू लागले, आणि तिथे त्यांच्या सहनशक्तीची नुसती परीक्षा सुरू झाली. भेटायला येणारा जो तो इंग्रजी घेऊनच यायचा. कोणी विचारी, 'शिटी स्कॅन' केला का. कोणी म्हणे, 'फिजूथेरपी' करा. शेजारचा विवेक म्हणाला, "काका पह्यले डेंजर होते, आता नारमल वाटून राह्यले. आमचे मामा तं पुरे शिरेस झालते." प्रभाकररावांनी सुपारीचा एवढा तोबरा भरला की शब्दाला बाहेर पडायला फटच राहू नये. वरून हसून मान डोलवली. रात्री जबडा दुखायचा. घरी ते टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईच्या चुका काढत बसायचे, आणि वाफ कुठेतरी निघायला हवी म्हणून शकुंतलाबाई ते खपवून घ्यायच्या.

चंद्रभान मात्र बोलेना. कोणी 'शिटी स्कॅन' म्हटलं की त्याची मान हमखास प्रभाकररावांकडे वळायची. डोळे त्यांच्या तोंडावर. यांनी गोड हसून मान हलवली की त्याचा चेहरा उतरायचा. होता होता तो भिंतीकडे तोंड करून पडू लागला. जेवण निम्म्यावर आलं. "कशाचा तरी धसका घेतला यायनं," चतुराबाई म्हणायची, पण कशाचा ते कोणालाच कळेना.

संक्रांत नुकतीच झाली होती. दुपारी चतुराबाई अंगणात तूर पाखडत बसली होती आणि प्रभाकरराव एकटेच बाजारभाव सांगत होते. सांभार मातीमोल झाला, वांग्याला कोणी विचारत नाही, वगैरे. अचानक चंद्रभान कुशीवर वळला. ओठ थरथरले.

"मले... प्या... प्यारालिशेस... झाला."

चतुराबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "बोलले! अवो बाई, बोलले!" म्हणत ती शेजाऱ्यांना सांगायला रस्त्यावर धावली.

इकडे प्रभाकररावांच्या कानात तो शब्द काट्यासारखा रुतला. प्यारालिशेस! त्यांनी खाटेची कड घट्ट धरली, शपथ आठवली आणि होता नव्हता तेवढा जिव्हाळा आवाजात आणून म्हणाले, "शाब्बास! एकदम बरोबर बोलला!"

चंद्रभानने मान उचलली. "ब... बरोबर?"

"शंभर टक्के बरोबर."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डाव्या हाताने त्याने प्रभाकररावांची बाही पकडली.

"परभाकर... खरं सांग. डाक्टर... काय म्हने? मी... मरून राह्यलो?"

"काऊन बे असं अभद्र बोलून राह्यला?"

"पन्नास वर्सं... एक डावबी... बरोबर नाई म्हनला तू मले." तो दम खायला थांबला. "आता... म्हनून राह्यला."

महिनाभराचं ते टक लावून पाहणं, ते भिंतीकडे वळणं, ते अर्धं जेवण, सगळं एकदम प्रभाकररावांच्या ध्यानात आलं. आणि मग बांध फुटला.

"पॅरॅलिसिस! पॅरॅलिसिस म्हण, गाढवा! प्यारा काय, प्यारा? कोनाले प्यारा असते तो? अन् शिटी नाई, सी टी! शिटी कुकरची होते! अन् तो विवेक्या म्हणे शिरेस! सिरिअस, सिरिअस! कोनी मरून नाई राह्यलं इथं!"

आवाज चौकापर्यंत गेला. प्रभाकरराव ओरडत होते आणि धोतराच्या सोग्याने डोळेही पुसत होते. चतुराबाई चार बायकांसह धावत आत आली. "भाऊजी!" म्हणून ती त्यांच्या अंगावर धावणार, तोच तिला नवरा दिसला. चंद्रभान उशीला टेकून उठून बसला होता आणि वाकड्या तोंडाने मनसोक्त हसत होता.

"चतुरा," तो म्हणाला, "भूक... लागली."

प्रभाकरराव शपथ आठवून एकदम गप्प झाले, चपला शोधू लागले. चतुराबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"थांबले काऊन भाऊजी? बसा, चालू द्या," ती म्हणाली, आणि भाकर टाकायला आत गेली.