माझ्या खोलीतलं गाण्यांचं अन्नछत्र

दुसऱ्याच्या मालाचं इतक्या निर्मळ मनाने दान करणारा माणूस माझ्या कॉलेजातल्या या मित्राखेरीज दुसरा झाला नसेल. घर लालबागला, कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे त्याला हॉस्टेल मिळालं नाही. पण हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरलेली नेटवर्कची वायर मात्र हवी होती. म्हणून एके दिवशी तो अख्खा कॉम्प्युटर टॅक्सीत घालून आला आणि माझ्या टेबलावर मांडून मोकळा झाला. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. माझी पुस्तकं पलंगाखाली गेली आणि खोलीत फुकट गाण्यांचं अन्नछत्र सुरू झालं: वायरीवरून कुणीही त्याच्या कॉम्प्युटरमधली गाणी उतरवून घ्यावीत. हा प्रकार बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्याला पटत नव्हतं. "गाणं काय संपतंय काय रे? तुला दिलं तरी माझ्याकडे राहतंच ना?" त्यावर मी गाणाऱ्यांच्या पोटाचा मुद्दा काढला, की तो शांतपणे माझ्या डब्यातली चकली उचलायचा.

तो कॉम्प्युटर बंद करायची सोय नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्या घरघरीला वैतागून मी बटणाकडे हात नेला, तर हा किंचाळला, "थांब! तिसऱ्या मजल्यावरचा एक जण अर्ध्या नाट्यगीतावर आहे!" बरं, नुसतं देऊन गप्प बसेल तर शपथ. गाणं नेणाऱ्याला कँटीनमध्ये गाठून तो तोंडी परीक्षा घ्यायचा. "दुसऱ्या कडव्यातली सारंगी ऐकलीस?" नसेल ऐकली तर पुढचं गाणं बंद. मी त्या कॉम्प्युटरच्या शेजारी झोपून कायम नापास.

त्याचे वडील मूळचे मालवणकडचे, भजनीबुवा. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून आळीपाळीने गातात, एकमेकांना टोले हाणतात. आणि बारीसाठी बांधलेली नवी चाल त्या दिवसापर्यंत घराबाहेर जाऊ देत नाहीत. त्या वर्षी परळला ठरलेली बारी ही घशाच्या ऑपरेशननंतरची वडिलांची पहिलीच होती. बुवांचा आवाज गेला, अशी कुजबुज सुरू झाली होती, म्हणून निदान चाली तरी नव्याकोऱ्या हव्यात, असा त्यांचा हट्ट. ह्याने कौतुकाने तालमीचं रेकॉर्डिंग केलं, साफ करायला कॉम्प्युटरवर घेतलं आणि हाताच्या सवयीने साऱ्या हॉस्टेलला खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दिलं. समोरच्या बुवांचा भाचा आमच्याच हॉस्टेलात राहतो, याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

परळच्या मैदानात मीही बारी ऐकायला गेलो होतो. समोरचे बुवा आधी बसले आणि ह्याच्या वडिलांच्या चाली एकेक करून गाऊन गेले. लोक डोलत होते. मग वडिलांची पाळी आली. त्यांनी पेटीवर बोटं ठेवली, बराच वेळ नुसती ठेवलीच, आणि शेवटी एक जुनंच भजन धरलं. मागून कुणीतरी मालवणीत म्हणालं, "बुवा संपलो आता." माझ्या शेजारी हा पुटपुटला, "माझ्याकडूनच गेलं रे." त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटत होतं आणि रडूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. टेबल मोकळं झालं, खोली शांत झाली आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

परवा बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरी गेलो होतो. बुवा आता गात नाहीत. बोलता बोलता मित्राने मोबाइलवर ते तालमीचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज खरखरीत, पण चाल अशी गोड, की चहा निवून गेला. मी म्हटलं, "मला पाठव ना."

एके काळी हे वाक्य पुरं होण्याआधी गाणं हजर झालं असतं. तो खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या वडिलांकडे वळला.

"बाबा, देऊ?"

"दी रे," बुवा म्हणाले. "आता माका खंय बारी करूची आसा?"

तरीही पाठवण्याआधी त्याने मोबाइलवर माझं नाव दोनदा वाचून पाहिलं.